काकू, उंची किती तुमची?

परवा लालबागच्या एका काकूंना भूल द्यायची होती. पोटाचा हर्निया, जुन्या ऑपरेशनच्या टाक्यातून आलेला, चांगला नारळाएवढा. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांना तपासायला गेले, नर्सिंग होम छोटंसंच, परळ स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. बीपी, शुगर, आधी कधी भूल घेतलीय का, दात हलतो का एखादा, झोपेत घोरता का, चाळीचा जिना न थांबता किती मजले चढता, सगळं विचारून झालं आणि मग मी बॅगेतून टेप काढली. शिंप्याची टेप, पिवळी, आईच्या शिवणाच्या डब्यातली. काकू म्हणाल्या, "अगोबाई, ब्लाऊजचं माप घेताय की काय डॉक्टर?" मी म्हटलं, "काकू, तुमच्या श्वासाचं माप घ्यायचंय. उंची किती तुमची?"

त्यांना माहीत नव्हती. वजन मात्र पाठ होतं, ब्याऐंशी. हे मी रोज बघते, वजन सगळ्यांना ठाऊक असतं आणि उंची कोणालाच नाही, बायकांची तर लग्नाच्या पत्रिकेसोबत एकदा लिहिली जाते आणि मग जन्मभर कोणी विचारत नाही. काकूंना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, त्यांच्या नातवाने खाली जमिनीवर टेपचं टोक धरलं. शिंप्याची टेप साठ इंचाची असते, म्हणजे बरोबर पाच फूट. ती पूर्ण ताणली तर काकूंच्या डोक्याच्या वर एक इंच उरली. चार फूट अकरा.

आता हे कशाला, ते सांगते, कारण भूल म्हणजे एक इंजेक्शन आणि मग झोप असंच बहुतेकांना वाटतं. मोठ्या ऑपरेशनला पूर्ण भूल देतो तेव्हा स्नायू ढिले करायचं औषधही देतो, त्यामुळे पेशंटचा स्वतःचा श्वास थांबतो. घशातून श्वासनळीत ट्यूब टाकायची, ती मशीनला जोडायची आणि मग दोन तास, चार तास, सर्जनला लागेल तितका वेळ पेशंटचा प्रत्येक श्वास मी ठरवते. एका श्वासाला किती हवा, मिनिटाला किती श्वास, किती दाबाने, हवेत ऑक्सिजन किती. मिनिटाला बारा श्वास धरले तरी तीन तासांत दोन हजारांच्या वर श्वास होतात. एवढे श्वास दुसऱ्या माणसासाठी घ्यायचे तर त्याच्या फुफ्फुसाचा आकार माहीत नको का?

आणि तो आकार वजनावरून कळत नाही. माणूस पन्नासचा ऐंशी किलोचा झाला तरी फुफ्फुस तेवढंच राहतं, चरबी पोटावर चढते, मांडीवर चढते, फुफ्फुस वाढत नाही. ते ठरतं उंचीवर, आणि बाई की पुरुष यावर. म्हणून आम्ही हिशोबाला एक वेगळं वजन धरतो, उंचीवरून काढलेलं. पाच फूट उंचीची बाई असेल तर ४५.५ किलो, पुरुष असेल तर ५० किलो, आणि पाच फुटांच्या वर दर इंचाला २.३ किलो वाढवायचं, कमी असेल तर तेवढंच वजा करायचं. म्हणून तर शिंप्याची टेप मला इतकी आवडते, ती संपते तिथूनच आमचा हिशोब सुरू होतो. काकूंचं हे वजन आलं ४३ किलोच्या आसपास. किलोमागे ६ ते ८ मिली हवा द्यायची, मी ७ धरते, म्हणजे एका श्वासाला जेमतेम ३०० मिली. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी येते ना घरी, तिच्याहून कितीतरी कमी. खऱ्या वजनावर, ब्याऐंशी किलोवर हिशोब केला असता तर आला असता पावणेसहाशे.

मी हे एवढं पोटतिडकीने लिहितेय त्याला कारण आहे.

रेसिडेन्सीतली, म्हणजे भूल द्यायला शिकत होते तेव्हाची गोष्ट आहे, नाव-गाव काही सांगत नाही, आणि त्या काळात सगळीकडे थोड्याफार फरकाने असंच चालायचं. मशीनवर आकडा आधीच लावलेला असायचा, पाचशेवर बारा किंवा सहाशेवर बारा, म्हणजे पाचशे किंवा सहाशे मिलीचे मिनिटाला बारा श्वास, आधीच्या पेशंटचा तोच पुढच्याला. एक बाई होत्या, ठेंगण्या, जाड, आतड्याचं मोठं ऑपरेशन, चार तास चाललं. मी सहाशे मिली ठेवले, ऑक्सिजन जवळपास शंभर टक्के ठेवला कारण जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त सुरक्षित असं मनात पक्कं बसलेलं, आणि श्वास सोडल्यावर फुफ्फुसात थोडा दाब शिल्लक ठेवायचा असतो, ज्याला आम्ही पीप म्हणतो, तो शून्य. बाई जाग्या झाल्या, हात दाबा म्हटलं, दाबला, ट्यूब काढली, सगळं छान. संध्याकाळी बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन ९१. तिसऱ्या दिवशी ताप, उजव्या बाजूला खाली न्यूमोनिया. वाचल्या त्या, घरी गेल्या, पण पाच दिवसांत जायच्या त्या अकराव्या दिवशी गेल्या आणि मधले तीन दिवस त्यांचा मुलगा माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा ती मला अजून आठवते. त्यांचा न्यूमोनिया माझ्या सहाशेमुळे झाला असं मी म्हणू शकत नाही, पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर तो व्हायला दहा कारणं असतात. पण नंतर मी कागद काढून बघितला, किलोमागे किती हवा दिली ते मोजायला, आणि मोजताच आलं नाही. फॉर्मवर वजनाची चौकट होती, उंचीची नव्हतीच. मला आजही माहीत नाही मी त्यांना किती जास्त हवा दिली. त्या आठवड्यात आईच्या डब्यातून टेप घेतली ती आजतागायत बॅगेत आहे.

असं का शिकवलं जायचं, त्यालाही इतिहास आहे, आमचे आधीचे लोक काही अडाणी नव्हते. १९६३ मध्ये अमेरिकेत बेंडिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की भुलीत एकसारखे उथळ श्वास देत राहिलं की फुफ्फुसाचे भाग मिटत जातात आणि रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मधूनमधून मोठा श्वास दिला की परत चढतो. निरीक्षण अगदी बरोबर होतं. त्यातून सवय मात्र अशी पडली की मग सगळेच श्वास मोठे द्या, किलोमागे १० ते १५ मिली. पुढची कितीतरी वर्षं हेच. मग २००० साली आयसीयूमधल्या पेशंटवरचा एक मोठा अभ्यास आला, ज्यांची फुफ्फुसं आधीच खूप खराब झालेली अशा ८६१ पेशंटवर, अर्ध्यांना किलोमागे १२ मिली, अर्ध्यांना ६. बारावाल्यांत जवळपास ४० टक्के गेले, सहावाल्यांत ३१. म्हणजे जे मशीन जीव वाचवायला लावलं तेच फुफ्फुस ताणून ताणून इजा करत होतं. आणि मग प्रश्न आला की चांगल्या फुफ्फुसाच्या माणसाला तीन-चार तास भूल देताना काय? २०१३ मध्ये फ्रान्समधून उत्तर आलं, पोटाच्या ऑपरेशनचे ४०० पेशंट, एका गटाला मोठे श्वास आणि पीप नाही, दुसऱ्याला छोटे श्वास, थोडा पीप आणि दर अर्ध्या तासाने फुफ्फुस उघडायची एक युक्ती. पहिल्या आठवड्यातली मोठी गुंतागुंत पहिल्या गटात २७.५ टक्के, दुसऱ्यात १०.५. हा पेपर वाचला तेव्हा मला त्या बाई आठवल्या, खरं सांगते पोटात गोळा आला.

फुफ्फुस मिटतं म्हणजे काय ते मला पुस्तकात वाचून कधी नीट कळलं नव्हतं. कळलं ते एका छातीच्या ऑपरेशनला. त्यात ज्या बाजूचं ऑपरेशन त्या बाजूच्या फुफ्फुसाची हवा मुद्दाम काढून टाकतात, सर्जनला जागा मिळावी म्हणून, दुसऱ्या फुफ्फुसावर पेशंटला चालवायचं. ऑपरेशन संपत आलं आणि सर म्हणाले आता फुगव, हळू, घाई करू नको. छाती उघडीच होती. ते फुफ्फुस समोर पडलेलं, चपटं, काळपट जांभळं, वांग्याच्या सालीसारखं. मी मशीनची श्वास द्यायची रबरी बॅग हळूहळू दाबली. आधी काहीच नाही. मग एका जागी गुलाबी ठिपका आला, तो पसरला, शेजारचा भाग उचलला गेला, मग त्याच्या शेजारचा, कडेने कडेने गुलाबी रंग सरकत गेला जसा काही ओल्या कागदावर रंग पसरावा. खालचा एक कोपरा मात्र तसाच जांभळा. मी बॅग तशीच दाबून धरली, मनात आकडे मोजत, सात, आठ, नऊ, आणि तो कोपरा पटकन उघडला. दाब तेवढाच होता, फक्त वेळ हवा होता त्याला. मी बॅग सोडली आणि लगेच तो कोपरा पुन्हा कोमेजायला लागला. सर म्हणाले, "बघितलंस? रिकामं करू नको पूर्ण, थोडी हवा धरून ठेव आत."

पेशंटच्या नातेवाईकांना समजावताना मी दुधाच्या पिशवीचं उदाहरण देते. रिकामी पिशवी धुऊन ठेवली की आतले दोन्ही पदर पाण्याने एकमेकांना चिकटतात, ते सुटे करायला चांगली जोरात फुंकर मारावी लागते. पण एकदा उघडली आणि तिच्यात थोडी हवा राहू दिली तर पुढची फुंकर सहज जाते. फुफ्फुसात अशा कोट्यवधी पिशव्या आहेत, आतून ओल्या. प्रत्येक श्वासाला चिकटायचं आणि सुटायचं, चिकटायचं आणि सुटायचं, असं चार तास चाललं तर त्यांचे पदर सोलवटणारच. पीप म्हणजे पिशवीत राहू दिलेली ती थोडी हवा.

आणि भुलीत हे मिटणं जवळपास प्रत्येकाचं होतं. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात भूल दिलेल्या माणसांचे सीटी स्कॅन काढले तेव्हा दिसलं की भूल चढल्यावर काही मिनिटांतच पाठीकडचा खालचा भाग मिटतो, दहातल्या नऊ जणांमध्ये. उताणं झोपवलं, स्नायू ढिले केले की डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, पोटातल्या सगळ्याचा भार घेऊन वर सरकतो. जाड माणसात जास्त. दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर पोटात गॅस भरतात, शिवाय काही ऑपरेशनांत डोक्याची बाजू खाली करतात, मग अजून जास्त. आणि शंभर टक्के ऑक्सिजन यात भर घालतो, हे ऐकून लोक चमकतात. साध्या हवेत बहुतेक भाग नायट्रोजनचा असतो, तो रक्तात लवकर शिरत नाही, म्हणून पिशवीला आतून टेकू देऊन उभा राहतो. सगळा ऑक्सिजनच भरला तर रक्त तो शोषून घेतं आणि पिशवी रिकामी होऊन मिटते. ट्यूब टाकायच्या आधी शंभर टक्के द्यायलाच हवा, ट्यूब जायला वेळ लागला तर तोच साठा जीव वाचवतो, त्यात काटकसर नको. पण ट्यूब नीट बसली की तो उतरवायचा, पेशंटला लागेल तेवढाच ठेवायचा, मी बहुतेक वेळा ४० टक्क्यांच्या आसपास आणते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण माझे जुनिअर पण हे वाचतात आणि त्यांना आकड्यांची पूजा करायला आवडते. सगळे अभ्यास एकाच बाजूने बोलत नाहीत. पीप भरपूर वाढवला, १२ पर्यंत (हा दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात), तर आणखी फायदा होईल असं वाटलं होतं, २०१४ मध्ये ९०० पेशंटवर करून बघितलं, फायदा नाही झाला, उलट बीपी पडायला लागलं. २०२० मध्ये मेलबर्नच्या एका हॉस्पिटलने बाराशेवर पेशंटमध्ये किलोमागे ६ आणि १० मिली यांची तुलना केली, दोन्हीकडे पीप ५ ठेवून, आणि फरक फारसा निघालाच नाही. मग माझी टेप फुकट का? मला नाही वाटत. त्या अभ्यासातले १० सुद्धा उंचीवरून काढलेल्या वजनाचे होते. चार फूट अकरा इंचाच्या बाईला सहाशे मिली दिले तर किलोमागे जवळजवळ १४ होतात, तितके त्यांनी कोणालाच दिले नाहीत. सहा की सात की आठ यावरून भांडण्यात मला रस नाही. उंची न बघता मशीन चालू करण्यावर माझा राग आहे. आणि आपल्या मुंबईत, ठेंगण्या आणि वजन वाढलेल्या बायका ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, टेबलावर रोज येतात, त्यांच्यावरच हे सगळ्यात जास्त बेततं.

तर काकू. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना टेबलावर घेतलं, खांद्याखाली चादरीच्या घड्या घालून डोकं आणि छाती वर उचलली, कान छातीच्या पातळीला येईपर्यंत, वॉर्डबॉय मामांनी आणि सिस्टरनी मिळून ते छान केलं. ऑक्सिजन, औषध, ट्यूब. मशीन ३०० वर, पीप ६. टेक्निशियन दादा नवीन होता, त्याने आकडा बघून विचारलं, "मॅडम, तीनशे? लहान मुलाचं सेटिंग राहिलंय का?" त्याला म्हटलं ये इकडे, आणि दाबाचा आकडा दाखवला, छाती कशी एकसारखी उचलतेय ते दाखवलं, श्वास सोडताना कार्बन डायऑक्साइडची रेघ कशी नीट येतेय तेही. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये खरी परीक्षा शेवटी असते. इतकी वर्षं बाहेर राहिलेलं आतडं सर्जन परत आत घालतात, पोटात गर्दी होते, पडदा वर ढकलला जातो. तसंच झालं, टाके ओढले तसा दाब चढला. सर्जनना म्हटलं सर एक मिनिट थांबा, बीपी बघितलं, ठीक होतं, मग ३० च्या दाबावर दहा सेकंद फुफ्फुस धरलं. एक, दोन, तीन. ऑक्सिजन ९६ चा ९९ झाला आणि पुढच्या श्वासांना दाब चारने उतरला. मला ते वांग्याच्या रंगाचं फुफ्फुस डोळ्यांसमोर दिसत असतं अशा वेळी.

ट्यूब काढतानाची घाई हा अजून एक भाग. स्नायू ढिले करायचं औषध उतरलंय की नाही हे हात दाबून, डोकं उचलायला लावून पूर्ण कळत नाही. हात दाबता आला तरी घशाचे स्नायू अजून अर्धवट झोपलेले असू शकतात, मग थुंकी श्वासनळीत जाते, खोकला नीट येत नाही. मनगटाजवळच्या मज्जातंतूला बारीक करंट देऊन अंगठा चार वेळा हलवणारं छोटं यंत्र असतं, चौथी हालचाल पहिलीच्या ९० टक्के झाली की मगच ट्यूब काढायची. ते यंत्र प्रत्येक नर्सिंग होमला असतंच असं नाही, मी माझं घेऊन फिरते.

आता पेशंट आणि घरच्यांसाठी, कारण अर्धं फुफ्फुस ओटीच्या बाहेर वाचतं.

पहिलं म्हणजे उपाशीपोटी राहायचं ते का. भुलीत गिळायची, खोकायची ताकद जाते, पोटातलं आम्लयुक्त पाणी वर येऊन फुफ्फुसात शिरलं तर फुफ्फुस भाजतं. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन यांनी बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांमध्ये हे होतं ते लिहून ठेवलं, तेव्हापासून सगळं जग हे पाळतं. आणि आपल्याकडे काय होतं, सकाळी साडेआठचं ऑपरेशन, विचारलं काही खाल्लं का, नाही मॅडम काहीच नाही. चहा? हो, चहा तर घेतला, दोन पार्लेजी बुडवून, सहा वाजता. दुधाचा चहा म्हणजे खाणंच आहे हो. दूध पोटात गेलं की ते दह्यासारखं जमतं आणि तासन् तास राहतं. हलक्या खाण्याला आणि दुधाला सहा तास, तळलेल्या, मटणाच्या जेवणाला आठ. मागे एका आजोबांचं ऑपरेशन मी यावरून पुढे ढकललं तर मुलगा भडकला, रजा टाकलीय, गावाहून माणसं आलीत, एका चहाने काय होतंय. मी त्याला बसवून शांतपणे सांगितलं, तरी तो रागातच गेला. चालेल. राग परवडतो.

पण याच्या उलट टोकही बरोबर नाही. रात्री दहापासून पाण्याचा थेंब नाही आणि नंबर लागतो दुपारी दोनला, निर्जळी उपासच तो, तोंड कोरडं, डोकं दुखतंय, नस सापडत नाही. साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, आपल्या भूलतज्ज्ञांना विचारून घ्या. ज्यांना शुगरसाठी किंवा वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं चालू आहेत त्यांनी ते नक्की सांगा, त्यांचं पोट फार सावकाश रिकामं होतं.

दुसरं बिडी-सिगारेट. महिनाभर आधी सोडलीत तर फार उत्तम, फुफ्फुसाच्या नळ्यांतले बारीक केस कफ वर ढकलायचं काम परत करायला लागतात. तेवढे दिवस नसतील तर आज सोडा, एका दिवसातसुद्धा रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो आणि ऑक्सिजनला जागा मिळते. गिरणगावातल्या म्हाताऱ्या पेशंटना मी अजून एक विचारते, गिरणीत कुठल्या खात्यात होतात. १९८२ च्या संपाआधी ज्यांनी कापूस पिंजायच्या खात्यात वर्षं काढली त्यांच्या छातीत तो कापूस अजून बोलतो, सोमवारी कामावर गेलं की छाती भरायची असं ते आपणहून सांगतात. अशा बाबांना भूल द्यायची तयारी वेगळी करावी लागते, म्हणून ते कळलेलं बरं.

तिसरं तीन गोळ्यांचं मशीन, खोल श्वासाच्या व्यायामाचं, प्लॅस्टिकच्या तीन नळ्यांत एकेक हलकी गोळी असलेलं. सगळ्यांना मिळतं आणि दहातले आठ जण त्यात फुंकतात. ते फुंकायचं नाही, ओढायचं असतं, नळी तोंडात धरून हळू आणि खोल श्वास आत, गोळी वर गेली की तिथे धरून ठेवायचा दोन-तीन सेकंद. काकूंचा नातू पहिल्याच दमात तिन्ही गोळ्या वर नेऊन नाचायला लागला, काकूंची पहिली पण नीट उठेना. त्यांना म्हटलं गोळ्यांकडे बघू नका, पोटावर हात ठेवा, हात वर उचलला जाईल इतका श्वास घ्या. मशीन नसलं तरी चालतं, खरं शिकायचं असतं ते खोल श्वास आणि खोकला, आणि ते ऑपरेशनच्या आधी शिकायचं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागातल्या ऑपरेशनचे ४४१ पेशंट घेतले, अर्ध्यांना आधी फिजिओथेरपिस्टने फक्त अर्धा तास बसून समजावलं की जाग आल्या क्षणापासून खोल श्वास का आणि कसे घ्यायचे. फुफ्फुसाचा त्रास २७ टक्क्यांवरून १२ वर आला. अर्ध्या तासाच्या बोलण्याने! एवढं स्वस्त औषध माझ्या ट्रॉलीत दुसरं नाही. ऑपरेशननंतर शिकवायला गेलं तर पोट दुखत असतं, गुंगी असते, काही डोक्यात शिरत नाही.

आणि दुखणं सहन करू नका हो. आपल्या बायका दुखतंय म्हणून सांगतच नाहीत, ओठ दाबून पडून राहतात, आणि दुखतं म्हणून श्वास वरवरचा घेतात, खोकला गिळतात, मग खाली कफ साठतो. काकूंना मी झोपेतच पोटाच्या दोन्ही बाजूंना सोनोग्राफीवर बघून ब्लॉक, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन, दिला होता, वर गोळ्या-इंजेक्शनं, आणि बजावलं होतं की दुखलं तर सिस्टरना हाक मारायची, संकोच करायचा नाही. खोकताना उशी पोटावर घट्ट धरायची म्हणजे टाक्यांना आधार मिळतो. घरच्यांचा नेहमीचा सूर असतो, झोपू दे बिचारीला, हलवू नका, टाके तुटतील. टाके नाही तुटत. पडून राहिलं की फुफ्फुस मिटतं. पाठीमागून बेड उचलून बसतं करा, खुर्चीत बसवा, डॉक्टर हो म्हणाले की चालवा. दात घासा, सकाळ-संध्याकाळ, तोंडातली घाण खाली उतरूनही न्यूमोनिया होतो, पण ऑपरेशनच्या पेशंटचा ब्रश घरीच विसरलेला असतो.

काकूंच्या सुनेला मी हे सगळं दोनदा सांगितलं, तिने मोबाईलमध्ये टाइप करून घेतलं, उशी, ब्रश, खुर्ची, चहा नाही. तिने एवढं विचारलं मात्र, "मॅडम, यांची उंची लिहून ठेवू का कुठे? परत कधी लागली तर?" मी म्हटलं फाईलच्या पहिल्या पानावर लिही, मोठ्या अक्षरात.

त्या रात्री मी मुलुंडहून दुसरी केस आटपून घरी आले तेव्हा साडेनऊ झाले होते. फोनवर परळच्या सिस्टरचा मेसेज होता, काकू बसलेल्या आहेत, ऑक्सिजन काढला, साध्या हवेवर ९५, उशी धरून दोनदा खोकल्या, दुखतंय म्हणाल्या म्हणून इंजेक्शन दिलं, पहिली गोळी वर गेली. मी तो मेसेज परत एकदा वाचला आणि मग जेवायला बसले.